तीन पेशंटांची वही

मरिया अमोलिकला इंग्रजी येतं असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं, की ती हात झटकायची. "मला कुठलं इंग्रजी येतंय? मला पेशंट येत्यात," म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई फार नम्र आहे. नम्रबिम्र काही नव्हती, चांगली तोंडाळ होती. पण हे मात्र ती खरं तेच सांगत होती.

नगरच्या एका खासगी दवाखान्यात ती बावीस वर्षं मावशी होती. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी बाहेरगावचा माणूस नगरलाच येतो आणि मावशीला मावशीच म्हणतो. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, पेशंटला कुशीवर वळवायचं, ही तिची नोकरी. यातलं कुठलंच काम इंग्रजीत होत नाही. इंग्रजी चालायचं ते वरच्या वर. मोठे डॉक्टर राउंडला आले की पेशंटच्या अंगावरून पलीकडच्या छोट्या डॉक्टरशी बोलत, आणि खाली पडलेला माणूस एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत राही. आपल्याच जिवाचा निकाल आपल्या अंगावरून चालला आहे आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, यापरता अपमान कुठला? मरियाला या गोष्टीची मनस्वी चीड होती, आणि तिला कारण होतं.

ती नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. तिचे वडील पुंजाराम यांना मिरजगावहून टेम्पोत घालून एका दवाखान्यात आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले, "ही इज सिंकिंग." मरियाची आई कडूबाई पायथ्याशी उभी होती. तिने विचारलं, "काय म्हनले साहेब?" कुणीतरी जाता जाता सांगितलं, "बघू म्हणतात." साहेब बघू म्हणतात म्हणजे सगळं बरं आहे असं धरून कडूबाई खाली मोसंबी आणायला गेली. चांगली पिवळी बघून, घासाघीस करून घेतली. वर आली तेव्हा पुंजारामाच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. त्यानंतर कडूबाई चौदा वर्षं जगली. मोसंबीला तिने कधी हात लावला नाही, आणि एकच वाक्य बोलत राहिली. "मला कुनी सांगितलं असतं, तर मी त्यांचा हात धरून बसले असते."

मरिया सातवी शिकलेली. शब्दकोश घेऊन बसावं असं तिचं आयुष्य नव्हतं आणि सिस्टर लोकांना सारखं विचारावं तर त्या वैतागत. म्हणून तिने आपली एक रीत काढली. राउंडमध्ये ऐकलेला शब्द डोक्यात ठेवायचा, आणि ज्याच्यावर तो शब्द पडला त्या पेशंटचं पुढे काय होतं ते बघत राहायचं. एका पेशंटवर भरवसा ठेवायचा नाही. तोच शब्द तीन पेशंटांवर पडला आणि तिघांचं सारखंच झालं, तरच त्याचा अर्थ पक्का.

हा नियम ती एकदा तोंडघशी पडून शिकली होती. भंडारदऱ्याकडची एक बाई दाखल होती. डॉक्टर म्हणाले, "नॉट आउट ऑफ द वूड्स यट." सिस्टरला विचारल्यावर कळलं, वूड्स म्हणजे जंगल. मरियाला वाटलं, डोंगरातली बाई म्हणून डॉक्टर तसं म्हणत असतील, आणि तिने त्या बाईच्या भावाला सांगितलं की साहेब तुमच्या गावाची चौकशी करत होते. भाऊ खूश झाला. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर हेच कापडबाजारातल्या एका शेठजीविषयी बोलले, ज्यांनी उभ्या जन्मात जंगल पाहिलं नसेल. मग कोपरगावच्या साखर कारखान्यातल्या एका कारकुनाविषयी बोलले. तिघांचेही डोळे उघडलेले होते, तिघेही चहा मागत होते, आणि तिघांच्याही नातेवाइकांना डॉक्टर घरी जाऊ देत नव्हते. तेव्हा कुठे अर्थ लागला. पेशंट बोलायला लागलाय, पण इतक्यात पेढे वाटू नका.

हे सगळं ती घरी नवऱ्याला सांगायची. भिंगारमध्ये त्यांच्या दोन खोल्या होत्या. शलमोन अमोलिक हा पेंटर. भिंतीला रंग देणारा पेंटर वेगळा, हा अक्षरांचा पेंटर. नगर-दौंड रस्त्यावरची निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्याच्या हातच्या होत्या. मोटर रिवाइंडिंग, व्हील अलाइनमेंट, फॅमिली रूम अशी इंग्रजी अक्षरं तो पट्टी न लावता सरळ काढायचा आणि त्यातल्या एकाचाही अर्थ त्याला ठाऊक नव्हता. समोर चिठ्ठी ठेवायची आणि जसंच्या तसं उतरवायचं. पुढे फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला. ब्रश तेवढे डब्यात राहिले, आणि छातीत तीस वर्षांच्या थिनरचा वास.

वहीची कल्पना त्याची. दोनशेपानी वही आणली आणि म्हणाला, "तू आन शब्द, मी लिहितो. तुझं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यावानी." स्पेलिंग दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे शब्द देवनागरीत. वर लाल शाईत मोठ्या अक्षरांत शब्द, खाली निळ्या शाईत अर्थ, आणि त्याखाली तीन पेशंटांची नावं. साक्षीदारच म्हणा ना. एका पानावर एकच शब्द. संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली की चहा, बेकरीतली खारी आणि वही. लिहिणाऱ्याचाही एक नियम होता, तो म्हणजे शब्द दोनदा लिहायचा नाही. जुना शब्द तिने चुकून पुन्हा आणला, की शलमोन वही न उघडताच सांगायचा, "आलाय आधी. पान सत्तावीस." मग दंड म्हणून तिच्या वाट्याची खारी त्याची. बावीस वर्षांत तिने पुष्कळ खारी गमावली. काही मुद्दामच गमावली, कारण खारी चहात बुडवताना त्याचा चेहरा फार सुखी दिसायचा.

दवाखान्यात तिचं वजन वाढलं ते या वहीमुळे. राउंड संपला की नातेवाईक काचेच्या दारापाशी तिला गाठत. "मावशी, काय म्हनले वो?" ती खरं सांगायची. गोड करून नाही आणि टाकून बोलल्यासारखंही नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांनी तिला त्यावरून झापलंही होतं. नंतर त्यांच्याच लक्षात आलं, की मावशीने आधी सांगितलेलं असलं की माणसं आरडाओरडा न करता ऐकून घेतात. मग त्यांनी तो विषय सोडला. आशा सरली असेल तेव्हा मरियाचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कुनाला बोलवायचं असंल तर आजच बोलवा." किती घरांतली रुसलेली भावंडं, तुटलेल्या सुना, दूरची लेकरं त्या एका वाक्यावर वेळेत येऊन पोचली, त्याची गणती नाही. ही माणसं पुढे कधी बाजारात भेटली, तर भर रस्त्यात तिच्या पाया पडत.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र एक नाव सहा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. एंजेला, त्यांची एकुलती मुलगी. तिचं लग्न शलमोनने ठरवलं होतं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात. दोन रविवार वाचून झाली, आणि तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी पोरगी म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही." तिसऱ्या रविवारी पाळकांनी दुसऱ्या जोडप्यांची नावं वाचली आणि शलमोनकडे बघायचं टाळलं. सगळ्या चर्चने मात्र बघितलं. घरी येऊन तो मुलीला म्हणाला, "मला तुझं तोंड दाखवू नको." एंजेला पुण्याला गेली, नोकरीला लागली. मरिया तिला दवाखान्याच्या जिन्यातून फोन करायची. शलमोनला ते माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मरियालाही माहीत होतं. त्यावर दोघंही बोलत नसत.

मागच्या वर्षी डिसेंबर लागला आणि शलमोनची छाती भरली. धाप तर दोन वर्षांपासून होती, या वेळी बोलताही येईना. मरियाने त्याला आपल्याच दवाखान्यात, आपल्याच वॉर्डात, खिडकीच्या कॉटवर आणलं. ऑक्सिजन लावला, औषधं बदलून पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी राउंड आला. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, छोट्या डॉक्टरला दाखवला, मान हलवली. म्हणाले, "नो पॉइंट इन व्हेंटिलेटर. जस्ट कीप हिम कम्फर्टेबल."

मग त्यांनी मरियाकडे पाहिलं. तिच्या हातात उशीचा धुतलेला अभ्रा होता. "मावशी, तुम्हाला कळलंच आहे," ते हळू आवाजात म्हणाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या कॉटकडे गेले. त्यांचं काही चुकलं असं नाही. पण मरियाच्या मनात आलं, आपल्याला इंग्रजी आलं नसतं तर निदान कुणीतरी आपल्याजवळ बसून मराठीत सांगितलं असतं.

"काय म्हनले गं डॉक्टर?" शलमोनने विचारलं.

ज्या प्रश्नासाठी तिने बावीस वर्षं शब्द गोळा केले होते, तोच हा प्रश्न. उत्तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. नाकात नळी, गालांची हाडं वर आलेली, आणि डोळ्यांत रोज संध्याकाळी वही उघडताना असायची तीच उत्सुकता. ती खोटं बोलली.

"घरी सोडायची तयारी करा म्हनले. दोन-चार दिसांनी."

"व्हय?" तो म्हणाला. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "नवा शब्द हाय म्हंजी. वही आन की उद्या घरून. पडल्या पडल्या लिहितो."

दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. पेन त्याच्या बोटांत नीट बसत नव्हतं. ज्या हाताने हातभर अक्षर एका दमात ओढलं जायचं, तो हात 'क'च्या काठीपाशीच थरथरला. तरी त्याने लिहिलं. कीप हिम कम्फर्टेबल. खाली अर्थ लिहिला. घरी सोडायची तयारी. मग मान वर करून जरा हसला. "आन तीन पेशंट कुटं हायेत?"

"या टायमाला एकावर भागवा," ती म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. बाथरूमचा नळ मोठा सोडून रडली. परत आली तेव्हा तो वही चाळत पडला होता. त्याने वही मिटली आणि उशीखाली ठेवली.

त्याच दुपारी तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "घरी सोडनार हायेत तर एंजेलाला बोलव की. येऊ दे मला न्यायला."

सहा वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव आलं होतं. एरवी तिने आनंदाने फोनकडे धाव घेतली असती. पण फोन केला असता तर एंजेलाला खरं सांगावं लागलं असतं. पोरगी तीन तासांत रडत येऊन दारात उभी राहिली असती, आणि तिचा चेहरा पाहून शलमोनला सगळं कळलं असतं. आदल्या दिवशीचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मरिया म्हणाली, "आता कशाला तिची धावपळ? घरी गेलो की बोलवू. नाताळाला निवांत येऊ दे."

"बरं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी पुन्हा विषय काढला. "तिच्या दाराला नावाची पाटी हाय का गं? मी रंगवून देतो. बोलव तिला, नाव कसं लिहू ते इचारतो." मरियाने त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि सांगितलं, "ब्रश तर घरीच हायेत. घरी गेल्यावर रंगवा." तेव्हाही तो बरं म्हणाला.

त्याच्या पुढच्या दिवशी त्याला फार धाप लागली होती. चार शब्दांत तीनदा थांबत तो म्हणाला, "मरिया, एंजेलाला बोलव. आजच."

आजच. हा शब्द तिचा होता. दाराशी उभं राहून तिने तो शेकडो माणसांना सांगितला होता, आणि तरीही त्या दुपारी तो तिला ओळखू आला नाही. म्हणजे ओळखू येऊ दिला नाही तिने. "उद्या सकाळी करते फोन, नक्की," ती म्हणाली. माणूस दुसऱ्यांच्या दाराशी शहाणा असतो. आपल्या माणसाच्या उशाशी बसल्यावर त्याच्या शहाणपणाचं काय होतं, ते मरियाला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शलमोन गेला. मरिया त्याचा हात धरून बसलेली होती. आईला जे मिळालं नाही, तेवढं तिला मिळालं. एंजेलाला फोन त्यानंतर गेला, दुपारी दीड वाजता ती पोचली. वडिलांच्या थंडगार बोटांच्या नखांत कुठला तरी जुना लाल रंग अजून अडकलेला होता, तो तिने अंगठ्याने घासून पाहिला. निघाला नाही.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना झाली. शेजारचे गोरक्षनाथ आणि त्यांची बायको चहा आणि खारी ठेवून गेले. कुणी काही खाल्लं नाही. दवाखान्यातून आणलेली पिशवी तशीच कोपऱ्यात होती. एंजेलाने ती उघडली. टॉवेल, चष्मा, नवा करार आणि वही. वही तिच्या लहानपणापासून घरात होती. तिने ती शेवटापासून मागे मागे चाळायला घेतली. मरिया भिंतीला टेकून बसली होती.

"आई, हे दोनदा लिहिलंय."

"काय?"

"कीप हिम कम्फर्टेबल. इथं शेवटी आहे, आणि इथंही आहे, मागं, पान एकोणीसवर."

"दोनदा न्हाई लिहीत ते," मरिया म्हणाली. "त्यांना सगळी पानं पाठ हुती."

हे बोलता बोलताच ती सरकत पोरीजवळ आली. पान एकोणीस. कधीची गोष्ट असेल? वीसेक वर्षं झाली असतील. हे शब्द तिच्या इतके अंगवळणी पडले होते, की ते कधी वहीत गेले होते याचीच तिला आठवण राहिली नव्हती. लिहिणाऱ्याला होती. लाल शाईतली ती जुनी, ठसठशीत, एकसारखी अक्षरं. खाली निळ्या शाईत अर्थ: आता औषध नाही. दुखू द्यायचं नाही. ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा. त्याखाली तीन नावं. अजिनाथ. भीमा. श्रीमंत.

आणि श्रीमंतच्या खाली दवाखान्यातल्या बॉलपेनने, वाकड्यातिकड्या थरथरत्या अक्षरांत चौथं नाव. शलमोन.

एंजेलाने त्या नावावर बोट ठेवलं. "म्हणजे पप्पांना माहीत होतं?"

मरियाने मानेनेच हो म्हटलं. डॉक्टर बोलले त्या क्षणापासून त्याला माहीत होतं. बायको आपल्यासाठी खोटं बोलते आहे, हेही माहीत होतं. आणि ते खोटं तिला जड जाऊ नये म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा एकच शब्द दोनदा लिहिला होता. ती त्याला सांभाळत होती आणि तो तिला सांभाळत होता, आणि त्या सांभाळण्यात पोरगी पुण्याला राहून गेली.

"आई," एंजेला म्हणाली. तिचा आवाज अगदी लहानपणीसारखा झाला होता. "मग त्यांनी मला का नाही बोलावलं? अजून राग होता का त्यांच्या मनात?"

या प्रश्नालाही एक सोपं खोटं उत्तर होतं. बोलताच येत नव्हतं गं त्यांना, असं म्हटलं असतं की पोरगी रडून मोकळी झाली असती, आणि आयुष्यभर आईच्या कुशीत आली असती. खरं सांगितलं तर ती कदाचित आज संध्याकाळच्या गाडीनेच पुण्याला जाईल आणि पुन्हा येणार नाही. मरियाने पोरीच्या हातातली वही हलकेच मिटली.

"बोलावलं हुतं," ती म्हणाली. "तीनदा बोलावलं हुतं. मीच फोन केला न्हाई."